आधी कोलांटी, मग मनोरा

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिन जवळ आला की कोकणातल्या शाळाशाळांतून मनोऱ्यांची तालीम सुरू होते. हाताशी दहा-बारा दिवस असतात. दणकट मुलं खाली, मध्यम अंगाची मधे आणि वर्गातलं सगळ्यात किडकिडीत पोर झेंडा घेऊन सगळ्यात वर. कार्यक्रम पार पडतो, टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो. त्यानंतर बहुतेक ठिकाणी त्या मुलांना पुढच्या कार्यक्रमापर्यंत साधी कोलांटी मारायलाही कुणी सांगत नाही. मनोरा वर्षभराच्या कसरतींच्या शेवटी यायला हवा. आपल्याकडे तो सुरुवातीलाच येतो आणि गोष्ट तिथेच संपते.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या किनारपट्टीच्या शाळांनी एकट्याच्या, जोडीच्या आणि गटाच्या साध्या कसरती वेळापत्रकात कायमच्या घालाव्यात, आणि ज्या शाळेत त्या वर्षभर झाल्या नाहीत तिथे मनोरा करूच नये, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. ही मागणी राज्यात कुठेही करता येईल. पण कोकणाला तिची गरज जास्त आहे, आणि त्याची कारणं इथल्या जमिनीत, पावसात आणि शाळांच्या पटात आहेत.

पटापासूनच सुरुवात करू. गावं रिकामी होत गेली तशी वाडीवाडीवरच्या जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या घसरली. पहिली ते चौथी मिळून नऊ-दहा मुलं असणाऱ्या शाळा इथे नवलाच्या नाहीत. कबड्डीला एका बाजूला सात खेळाडू लागतात, खो-खोला मैदानात नऊ. दहा मुलांच्या शाळेत, त्यातही सहा वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतच्या वयांत, दोन संघ कुठून आणायचे? मग खेळाच्या तासाला चेंडू-फळी काढली जाते. दोघं खेळतात, बाकीचे बघत बसतात. कसरतीला मात्र एकटं मूलही पुरतं. जोडीला दोन लागतात, गटाला तीन.

दुसरी अडचण जागेची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलेलं आहे. पण डोंगरउतारावर जांभा फोडून काढलेल्या पाटावर शाळा उभी असते, तिथे मैदान म्हणजे समोरचं अंगण. धावायला गेलं तर वीस पावलांत गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, लागतो. आणि जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ते अंगणही हातचं जातं. जांभ्यावर शेवाळ धरतं, पाय ठेवला की घसरतो. म्हणजे शैक्षणिक वर्षाचे पहिले चार महिने मुलं वर्गात नाहीतर पडवीत. सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी कोरडी पडवी मिळाली तर तिथे या लेखात पुढे सांगितलेल्या बहुतेक कसरती होतात. पावसाळा हा शारीरिक शिक्षणाचा बुडीत काळ समजला जातो. कसरतींसाठी तोच सगळ्यात सोयीचा आहे, कारण दुसरं काही करायचं नसतं आणि ऊनही नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांची दमवणारी हालचाल सांगितली आहे आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम त्यात असावा असंही म्हटलं आहे. धावण्या-चालण्याचा भाग खेड्यातली मुलं शाळेत येता-जाता थोडाफार भरून काढतात, निदान ज्यांच्या घराशी व्हॅन येत नाही ती. हातांवर शरीराचा भार घेणं मात्र आता जवळजवळ कुठेच होत नाही. आंबा-काजूवर चढणं कमी झालं, विहिरीचं पाणी ओढणं पंपाने संपवलं. आठवीतल्या मुलाला भिंतीशी हातांवर उभं राहायला सांगा, कोपरं लगेच वाकतात. पोटाच्या आणि खांद्याच्या स्नायूंना ते कामच माहीत नसतं.

आता प्रत्यक्ष कसरतींकडे येऊ, कारण हा सगळा वाद तपशिलावर उभा आहे.

पहिली कोलांटी. ती सगळ्यांनी शिकायची, लठ्ठ-बारीक, मुलगा-मुलगी, सगळ्यांनी. उकिडवं बसायचं, हात खांद्याइतक्या अंतरावर पुढे टेकायचे, बोटं समोर. हनुवटी छातीला लावायची. मग कंबर उचलायची, इतकी की वजन पायांवरून हातांवर यावं, आणि डोकं आत घेऊन मानेच्या खाली, खांद्यांच्या मागच्या भागावर उतरायचं. पाठ गोल ठेवली की शरीर आपोआप पुढे येतं आणि टाचा नितंबांजवळ पडतात. चुकतं ते एकाच ठिकाणी: मूल टाळू जमिनीला टेकवतं. तसं झालं की सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो. यावर साधा उपाय आहे. हातरुमालाची घडी हनुवटी आणि छाती यांच्या मधे धरायला सांगायची. कोलांटी पुरी होईपर्यंत रुमाल पडला नाही तर डोकं आत होतं. पडला तर पुन्हा. शिक्षकाला वाकून बघावं लागत नाही, मुलं एकमेकांचा रुमाल स्वतःच तपासतात. कोलांटी तिरकी जात असेल तर एक हात जास्त ढकलतोय. शेवटी टाचा आपटत असतील तर पाय लवकर सरळ होताहेत. मागची कोलांटी सपाट जमिनीवर मानेला त्रास देते, म्हणून ती थोड्या उतारावर आणि एका खांद्यावरून शिकवावी. प्राथमिक वर्गांत ती सोडून दिली तरी बिघडत नाही.

कोलांटीचा उपयोग नुसत्या अंगाच्या चपळाईपुरता नाही. पडताना हात सरळ पुढे टेकणं ही माणसाची सहज प्रतिक्रिया आहे, आणि मुलांची मनगटं नि कोपरं त्याच सवयीने मोडतात. ज्याला अंग गोल करून, खांद्यावरून भार वाहून नेत पडता येतं, त्याची हाडं वाचण्याची शक्यता वाढते. ज्या मुलखात मुलं शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, शाळेत जातात आणि मोठी माणसं झाडांवर चढून पोट भरतात, तिथे नीट पडायला शिकवणं हा अभ्यासाचाच भाग मानायला हवा.

दुसरी कसरत बगळ्याच्या तोलाची, काही ठिकाणी तिला बकासन म्हणूनच शिकवतात. उकिडवं बसून तळवे जमिनीवर, बोटं पसरलेली. कोपरं किंचित वाकवून गुडघे दंडांच्या मागच्या बाजूला टेकवायचे. नजर तळव्यांच्या एक हात पुढे. आता पाय उचलायचे नाहीत; छाती पुढे झुकवत न्यायची, पाय आपोआप हलके होतात. पाय उडी मारून उचलणारं मूल कपाळावर पडतं, हा नेहमीचा अपघात. म्हणून पुढे घडी केलेली गोधडी ठेवायची. तीन सेकंद जमले की पाच, मग दहा. दहा सेकंद तीन वेळा झाले की ते मूल भिंतीशी जायला तयार आहे.

भिंतीशी हातांवर उभं राहताना पोट भिंतीकडे असावं, पाठ नव्हे. भिंतीकडे पाठ करून लाथ मारत वर जाणारी मुलं कमरेत वाकतात आणि भिंतीवर आदळतात. भिंतीपासून दोन फुटांवर हात टेकून, पावलं भिंतीवर चढवत, मग हात थोडे थोडे आत घेत जायचं. पहिल्या दिवशी शरीर काटकोनात राहिलं तरी पुरे. खांदे कानांना चिकटलेले, कोपरं सरळ, बरगड्या आत. दहा सेकंद झाले की दमण्याआधीच त्याच वाटेने पावलं खाली आणायची. गिलावा केलेली भिंत निवडावी, उघड्या जांभ्यावर पावलं सोलवटतात. ही कसरत दुपारच्या खिचडीनंतर दोन तास करू नये. कान फुटलेला असेल, फिट येत असेल, डोळ्यांचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर डोकं खाली जाईल अशी एकही कसरत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करायची नाही. हे पालकांकडून जूनमध्येच लेखी घ्यावं.

खेकड्याची चाल, अस्वलाची चाल, बेडूकउड्या, लंगडी यांवर फार लिहिण्याची गरज नाही. ती सगळ्यांना येतात, अंग गरम करायला उत्तम आहेत. फक्त लंगडी दोन्ही पायांवर सारखी घालायला लावा; एकाच पायाची सवय लागलेली मुलं दुसऱ्या पायावर पाच उड्याही मारू शकत नाहीत.

जोडीच्या कसरतींत पहिली गोष्ट जोडी लावण्याची. वजनात पाच किलोपेक्षा आणि उंचीत वीतभरापेक्षा जास्त फरक नको. मैत्रीवर जोड्या लावल्या की हा नियम मोडतो. हातगाडीत पुढचा हातांवर चालतो आणि मागचा त्याचे पाय उचलून धरतो. पुढच्याचे पाय घोट्यांत धरू नयेत, सुरुवातीला गुडघ्यांच्या वर मांड्या धराव्यात. घोटे धरले की मधली कंबर झोळीसारखी लोंबते आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांत जातो. दहा पावलं हातांनी, मग अदलाबदल. मागच्याने ढकलायचं नाही, पुढचा जाईल तसं जायचं. ढकललं की पुढचा तोंडावर पडतो.

पाठीला पाठ लावून उठणं दिसायला सोपं आहे. दोघांनी पाठी टेकून बसायचं, कोपरांत कोपरं अडकवायची, टाचा जवळ घ्यायच्या आणि एकमेकांवर पाठीने रेलत उभं राहायचं. हातांनी ओढून कुणी उठू पाहिलं तर दोघंही बसलेलेच राहतात. भार पाठीतून पायांत गेला तरच जमतं. इथे मुलाला प्रथमच कळतं की दुसऱ्याच्या वजनाला विरोध करायचा नसतो, त्यावर आपलं वजन तोलायचं असतं. पुढच्या सगळ्या गट-कसरती या एका समजुतीवर चालतात.

मग मांडीवर उभं राहणं. खालचा मुलगा आपले पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे वाकवून अर्धवट बसतो. वरचा त्याच्याकडे तोंड करून मनगटांची पकड घेतो. तळव्यात तळवा नको, घामाने सुटतो. मनगटाला मनगट, म्हणजे एकाचा हात सैल झाला तरी दुसऱ्याचा धरून राहतो. वरच्याने पाऊल मांडीच्या मध्यावर ठेवायचं नाही, खुब्याजवळ ठेवायचं. मध्यावर ठेवलं की गुडघ्यावर तरफ बसते आणि खालचा लगेच खचतो. दोन्ही पाय चढले की दोघांनी हात सरळ करून मागे रेलायचं. उतरताना ज्या पायाने चढलं त्याच्या उलट क्रमाने, एकेक पाऊल. उडी मारायची नाही.

उतरण्याला आपल्याकडे कुणी किंमत देत नाही, आणि बऱ्याच दुखापती तिथेच होतात. स्पेनमधल्या कॅटालोनियात माणसांचे मनोरे रचण्याची जुनी परंपरा आहे. युनेस्कोने 2010 मध्ये तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथे मनोरा रचला गेला पण उतरताना कोसळला तर त्याला कमी गुण, आणि रचून पुन्हा सुखरूप उतरवला तर जास्त गुण. वर चढणारी मुलं हेल्मेट घालतात. आपल्याकडे हंडी फुटली की सगळं संपलं असं मानून खालचे थर नाचायला लागतात, आणि त्या वेळी वर अजून माणसं असतात. शाळेच्या मनोऱ्यातही हेच होतं. झेंडा फडकला, टाळ्या झाल्या, की खालच्या मुलाचं लक्ष सुटतं.

मनोऱ्याच्या खालच्या मुलावर किती भार येतो, याचा हिशेब फार थोड्या ठिकाणी केला जातो. हात-गुडघ्यांवर रांगतं बसून केलेला तीन मुलांचा मनोरा घ्या: दोन खाली, एक वर. प्रत्येक मूल चाळीस किलोचं धरलं तर खालच्या प्रत्येकाच्या पाठीवर वीस किलो येतात. ठीक आहे. सहा मुलांचा, म्हणजे तीन-दोन-एक असा मनोरा केला तर खालच्या कडेच्या मुलांवर तीस-तीस किलो, पण मधल्यावर साठ. म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट. दहा मुलांचा, चार थरांचा केला तर खालच्या कडांवर पस्तीस-पस्तीस आणि आतल्या दोघांवर पंच्याऐंशी किलो. कडेचं मूल हसत असतं आणि आतलं मूल श्वास घेऊ शकत नसतं, आणि समोर बसलेल्या पाहुण्यांना दोघंही सारखीच दिसतात. हा हिशेब मनोरा स्थिर असतानाचा आहे. वरचा हलला, की क्षणभर त्यापेक्षा जास्त.

उंचीचा हिशेबही असाच सरळ आहे. एक मीटरवरून पडणारं शरीर जमिनीला ताशी सुमारे सोळा किलोमीटर वेगाने लागतं, पाच मीटरवरून पडणारं ताशी सुमारे छत्तीस. वेग दुपटीहून थोडा जास्त वाढतो, पण आघाताची ऊर्जा पाचपट होते.

म्हणून शाळेसाठी आमची मर्यादा ठाम आहे: रांगत्या स्थितीतला मनोरा तीन-दोन-एकच्या पुढे नाही, उभ्या स्थितीतला दोन थरांच्या पुढे नाही. वरच्याने खालच्याच्या पाठीच्या मध्यावर गुडघा ठेवायचा नाही. हात खांद्यांच्या हाडांवर, गुडघे कमरेच्या खालच्या रुंद हाडावर. मधला कणा मोकळा. तीन-दोन-एकमध्ये मधल्या जागी सगळ्यात दणकट मूल, आणि पाच सेकंदांच्या वर थांबायचं नाही. दोन्ही बाजूंना आणि समोर मिळून तिघं सांभाळायला उभे, आणि त्यांनी वर बघायचं, पाहुण्यांकडे नाही. ‘उतर’ म्हणण्याचा हक्क सगळ्यात खालच्या मुलाला. त्याने एकदा म्हटलं की शिक्षकांनीही ‘थांब जरा, फोटो होऊ दे’ म्हणायचं नाही.

जपानमध्ये शाळांच्या क्रीडादिनाला असे मनोरे करण्याची मोठी प्रथा होती. 2015 मध्ये ओसाका प्रांतातल्या याओ शहरात एका शाळेचा दहा थरांचा मनोरा कोसळला आणि मुलं जखमी झाली. 2016 मध्ये ओसाका शहराच्या शिक्षण मंडळाने आपल्या शाळांमधले मनोरे बंद करण्याचा निर्णय घेतला. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात हे घडलं, हे लक्षात घेतलं पाहिजे. शिस्त मधल्या मुलाच्या पाठीवरचे किलो कमी करत नाही.

दहीहंडीबाबत आपल्याकडे न्यायालयात बरंच झालं. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये अठरा वर्षांखालच्यांना बंदी आणि वीस फुटांची उंचीमर्यादा घातली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कायम राहिली. 2017 मध्ये, चौदा वर्षांखालच्या मुलांना सहभागी करून घेणार नाही असं राज्य सरकारने सांगितल्यावर उंचीची मर्यादा उरली नाही. 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. या सगळ्यात वय आणि फूट यांवर भांडण झालं. वर चढणाऱ्याला काय काय करता यायला हवं, हा प्रश्न मागेच पडला. चौदा वर्षं पूर्ण झालेला मुलगा कोलांटीही न शिकता पाचव्या थरावर चढू शकतो आणि नियमात काही मोडत नाही. साहसी खेळ म्हणायचं तर त्या खेळाची पूर्वतयारी ठरवायला हवी. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं नोकरीसाठी मुंबई-ठाण्याला जातात आणि तिथल्या गोविंदा पथकांत उभी राहतात. त्यांचं अंग घडवायचं काम गावातल्या शाळेतच व्हायला हवं.

परंपरा म्हणाल तर भार वाटून घेण्याची परंपरा कोकणाला मुळीच नवी नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना दोरी दंडांनी ओढली जात नाही. माणसं मागे रेलतात आणि पायांनी वाळू रेटतात. शिमग्यात पालखी नाचवताना गुडघे मऊ ठेवून खांदा बदलला जातो, एकाचा भार दुसऱ्याकडे जातो आणि पालखीचा तोल ढळत नाही. जाणत्यांनी हे मुलांना उघडून सांगितलं तर व्यायामाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

आणि फुगडी. मुलींनी कसरती कशा करायच्या, असं विचारणाऱ्यांनी गणपतीत आपल्याच घरी काय चालतं ते बघावं. साधी फुगडी ही पूर्ण शास्त्रशुद्ध जोडीची कसरत आहे: दोघींची पावलं चवड्याला चवडा लावून जवळ, हात कातरलेले, कोपरं सरळ, अंग मागे रेललेलं आणि पायांची लहान लहान पावलं. पावलं लांब पडली की फुगडी अडखळते. कोपरं वाकली की खांद्याला झटका बसतो. एकीने मधेच हात सोडला तर दुसरी पाठीवर आपटते, म्हणून थांबताना वेग कमी करून, अंग सरळ करून मगच हात सोडायचे. बसफुगडी तर मांड्यांसाठी बैठकांपेक्षा कठीण: उकिडव्या स्थितीत उड्या घेत पाय पुढे टाकायचे. कोंबडा या फुगडीच्या प्रकारात गुडघ्यांखालून हात घालून उड्या मारायच्या असतात. साठीतल्या बायका हे करतात. शाळेत हेच तासाला घेतलं तर ‘मुलींना शोभत नाही’ म्हणणारे आपोआप गप्प होतील. खेळाच्या दिवशी मुलींनी ट्रॅक पँट घालून यावं, एवढी सोय शाळेने करावी. जोड्या मुलींच्या मुलींशी. हात लावण्याआधी विचारणं हा नियम मुला-मुलींना सारखाच शिकवावा.

किनाऱ्यावरच्या शाळांना आणखी एक सोय आहे, समुद्रकाठची वाळू. पण ती कुठेही वापरता येत नाही. वरची कोरडी भुसभुशीत वाळू पडल्यावर लागत नाही खरी, तरी पाऊल आत रुतून घोटा मुरगळतो आणि हातांवर उभं राहताना तळवे बुडतात. अगदी पाण्याकाठची ओली वाळू फरशीसारखी कडक असते. या दोहोंच्या मधे, दाबली तर बोट अर्धा पेर आत जाईल अशा ओलसर पट्ट्यात कोलांटी आणि हातगाडी उत्तम होते. तरीही मनोरा वाळूवर नको, खालच्यांपैकी एकाचा गुडघा रुतला की सगळं कलतं. आधी दोन मुलांनी हाताने चाळून शिंपले, कालवांची कवचं, गळ, बाटलीच्या काचा काढायच्या. आणि खेकड्यांची बिळं असलेला भाग सोडून द्यायचा.

वेळही बघावी लागते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला असते, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी पाणी खूप मागे गेलेलं सापडतं आणि रुंद पट्टा मिळतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, तसं होत नाही. गावातल्या कुठल्याही मासेमाऱ्याला विचारलं तर तो महिन्याचं वेळापत्रक तोंडी सांगेल. मार्चनंतर सकाळी साडेआठच्या पुढे वाळूवर थांबू नये. दमट हवेत घाम वाळत नाही आणि मूल चक्कर येईपर्यंत बोलत नाही.

गाद्या नाहीत, हे कारण सगळीकडे ऐकू येतं. भात झोडून झाला की पेंढा घरोघरी असतो. सहा पोती पेंढ्याने घट्ट भरायची, तोंडं शिवायची आणि पोत्यांच्या कडा एकमेकींना सुतळीने टाके घालून जोडायच्या. जोडल्या नाहीत तर दोन पोत्यांच्या फटीत पाऊल जातं, आणि गादी नसती तर झाला नसता असा अपघात होतो. वर सतरंजी. पेंढा पावसाळ्यात कुबट होतो, त्यात किडे होतात, म्हणून मेअखेरीस तो काढून टाकायचा. पावसाच्या महिन्यांत काथ्याची चटई आणि तिच्यावर दोन गोधड्या. काथ्या उघडा राहिला तर कातडी खरचटते. ही गादी कोलांटीपुरती आणि बगळ्याच्या तोलापुरती आहे. उंचावरून पडणाऱ्याला ती वाचवत नाही, आणि ती टाकली म्हणून थर वाढवायचा नाही.

योगासनं आहेतच, वेगळं कशाला, असाही एक मुद्दा असतो. आसनं जरूर करावीत. पण त्यात दुसऱ्याचं वजन अंगावर घेणं नाही, आणि पडणंही नाही. मल्लखांबात हे सारं आहे, त्याहून पुष्कळ जास्त आहे. बाळंभट्ट देवधरांची ती देणगी प्रत्येक शाळेत पोचली तर आनंदच होईल. पण त्याला खांब लागतो, एरंडेल लागतं आणि जाणता वस्ताद लागतो. दोनशिक्षकी शाळेत ते आज होणार नाही. कोलांटी आज होईल.

शिक्षकांची भीती मात्र खरी आहे. काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि बहुतेकांना याचं प्रशिक्षण मिळालेलं नसतं. त्यांना उपदेश करण्यापेक्षा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक दिवस गादीवर उतरवावं. पगार घेणाऱ्या मोठ्या माणसाने स्वतः रुमाल हनुवटीखाली धरून पाच कोलांट्या मारल्या, हातगाडी केली, तीन जणांच्या मनोऱ्यात खाली बसून बघितलं, की कुठे काय दुखतं हे त्याला सांगावं लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने दोन कामं करावीत: जूनमध्ये पालकांचं आजारांचं पत्रक भरून घ्यावं, आणि मनोऱ्याची मर्यादा ठरावात लिहावी, म्हणजे पाहुण्यांच्या किंवा पुढाऱ्यांच्या आग्रहापुढे मुख्याध्यापकांना एकट्याने नाही म्हणावं लागणार नाही.

वर्षाची मांडणी अशी जमते. आठवड्याला तीन तास, पस्तीस मिनिटांचे. जून-जुलै कोलांटी, लंगडी, प्राण्यांच्या चाली. ऑगस्टमध्ये बगळ्याचा तोल आणि भिंत. 15 ऑगस्टला मनोरा नाही, ओळीने कोलांट्या आणि प्राण्यांच्या चाली दाखवाव्यात, पालकांना ते पुरेसं वाटेल. गणपतीच्या आधी आणि नंतर फुगड्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर पेंढ्याच्या गाद्या भरून जोडीच्या कसरती. डिसेंबरमध्ये तिघांचा मनोरा, ज्यांचा नीट झाला त्यांचा सहांचा. जानेवारीचे तीन आठवडे फक्त चढणं-उतरणं, आकड्यांवर: एकला खालचे बसतात, दोनला मधले चढतात, तीनला वरचा, चारला थांबणं, आणि पाच-सहा-सातला त्याच क्रमाने उलटं. 26 जानेवारीला झेंडा वरच्याच्या हातात द्यायचा नाही, बाजूला उभ्या मुलाच्या हातात द्यायचा. वरच्याला उतरायला दोन्ही हात मोकळे लागतात.